‘श्राइव्ह’ : एका क्रियापदाचा कुमसार

गेल्या प्रायश्चित्तकाळातील गोष्ट. शीळफाट्याच्या नव्या वसाहतीत राहणारी आणि कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकविणारी आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी संध्याकाळच्या मिस्साबलिदानानंतर वही घेऊन आमच्याकडे आली. कोलरिजच्या ‘द राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर’ या दीर्घ कवितेचे ती मराठी रूपांतर करीत होती. कवितेचे भाग सात. सहाव्या भागात एक क्रियापद तिने कसेबसे ओलांडले होते. सातव्यात तेच क्रियापद पुन्हा समोर उभे राहिले आणि तेथे तिची लेखणी थांबली.

“फादर, ‘श्राइव्ह’ला मराठीत काय म्हणायचे?”

“क्षमा करणे, असे लिही,” आम्ही चपला घालता घालता सांगितले.

तिचे समाधान झाले नाही. “मग कवीने ‘फर्गिव्ह’ असे का लिहिले नाही? तो शब्द तर सोपा होता.”

प्रश्न रास्त होता. सेमिनरीत असताना आम्ही हा शब्द अनेकदा वाचला होता आणि परीक्षेपुरता त्याचा अर्थही लिहिला होता. ज्या कृतीसाठी आमचा दीक्षाविधी झाला तिचेच नाव असलेले हे क्रियापद. परंतु त्याच्या पोटात काय आहे, हे आम्ही कधी उघडून पाहिले नव्हते. त्या तरुणीला आम्ही आठ दिवसांनी यावयास सांगितले आणि कपाटातील जुनी पुस्तके खाली काढली. त्या आठ दिवसांच्या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्या वाचनात आमचे स्वतःचे एक अपुरे राहिलेले कामही आम्हाला आठवले, त्याविषयी शेवटी.

मूळ आणि फाटे

या क्रियापदाचे मूळ ‘स्क्रीबेरे’ म्हणजे लिहिणे या लॅटिन क्रियापदात आहे. रोमन लोकांशी संबंध आल्यावर उत्तरेकडील जर्मानिक भाषांनी ते उचलले. जर्मन भाषेत त्याचे ‘श्रायबेन’ झाले आणि त्याचा अर्थ आजही लिहिणे असाच आहे. डच भाषेतही तसेच घडले. इंग्रजीने मात्र लिहिण्यासाठी आपला घरचा शब्द सोडला नाही. ‘राइट’ हा तो शब्द. त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे असा आहे, अगदी आपल्या संस्कृत ‘लिख्’ धातूसारखा. घरचा शब्द कामावर असल्यामुळे पाहुण्या लॅटिन शब्दाला दुसरे काम मिळाले. जुन्या इंग्रजीतील ‘स्क्रीफान’ म्हणजे ठरवून देणे, नेमून देणे. त्यावरून पापाबद्दल प्रायश्चित्त नेमून देणे, त्यावरून कुमसार ऐकणे आणि त्यावरून पापमोचन करणे, असा अर्थ पुढे सरकत गेला.

आपल्या शीळफाट्यावर उभे राहिल्यास हे चटकन समजते. मुंब्र्याचा, पनवेलचा, महाप्याचा आणि कल्याण-डोंबिवलीचा असे रस्ते येथे जवळजवळच फुटतात. फाट्यापर्यंतचे प्रवासी एका वाहनातून आलेले असतात. फाट्यानंतर त्यांची गावे वेगळी होतात. ‘स्क्रीबेरे’चेही तसेच झाले. एक फाटा जर्मन शाळेच्या पाटीकडे गेला, दुसरा इंग्लंडमधील कुमसाराच्या आसनाकडे. तिसरा फाटा तर आपल्या रोजच्या परिचयाचा आहे. डॉक्टर औषध लिहून देतात त्या कागदाला आपण ‘प्रिस्क्रिप्शन’ म्हणतो. तोही याच कुळातला शब्द. म्हणजे ‘श्राइव्ह’ आणि ‘प्रिस्क्रिप्शन’ ही एकमेकांची चुलत भावंडे होत.

हे नाते केवळ शब्दांचे नाही. सहाव्या शतकापासून आयर्लंडमधील मठवासीयांनी प्रायश्चित्तांच्या पुस्तिका तयार केल्या. कोणत्या पापाला किती दिवसांचा उपवास, किती प्रार्थना, किती दानधर्म, यांच्या त्या याद्या होत. पापाला त्या रोग मानीत आणि प्रायश्चित्ताला औषध. विकाराच्या उलट गुणाने विकार बरा करावा, ही त्यांची रीत होती. ६६८ ते ६९० या काळात कँटरबरीचे आर्चबिशप असलेल्या थिओडोर यांच्या नावावरही अशी एक पुस्तिका आहे. आज त्या याद्या वाचताना आपल्याला त्यांचा कडकपणा खटकतो. परंतु त्याआधी चर्चमध्ये प्रायश्चित्त होते ते जाहीर, दीर्घ आणि बहुधा आयुष्यात एकदाच मिळणारे. मठवासीयांनी ते खासगी केले आणि पुनःपुन्हा घेता येईल असे केले, ही त्यांची मोठी देणगी होय. पुढे १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून निदान एकदा कुमसार करावा असा नियम घातला आणि हे क्रियापद इंग्लंडच्या खेड्याखेड्यांत पोहोचले.

त्याची रूपेही लक्षात ठेवण्याजोगी आहेत. वर्तमानकाळी ‘श्राइव्ह’, भूतकाळी ‘श्रोव्ह’, आणि ज्याचा कुमसार झाला आहे तो ‘श्रिव्हन’. नाम ‘श्रिफ्ट’. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवसाला इंग्रज ‘श्रोव्ह ट्यूज्डे’ म्हणतात. उपवासाला आरंभ होण्यापूर्वी कुमसार करून घ्यावयाचा तो मंगळवार. त्याच दिवसाला फ्रेंच लोक ‘चरबीचा मंगळवार’ म्हणतात, कारण घरातील लोणी-अंडी त्या दिवशी संपवावयाची असतात. आपल्या गोव्यात त्या दिवसांना ‘इंत्रुज’ म्हणतात. पोर्तुगीज ‘एन्त्रुदु’वरून आलेल्या या शब्दाचा अर्थ प्रवेश, म्हणजे प्रायश्चित्तकाळाचा उंबरठा. दिवस तोच, एकाने त्याला स्वयंपाकघराचे नाव दिले, दुसऱ्याने उंबरठ्याचे आणि इंग्रजाने कुमसाराचे.

आणखी एक गोष्ट. जुन्या इंग्रजीत आणि चॉसरच्या काळातही हे क्रियापद दोन्ही बाजूंनी चाले. धर्मगुरू पाप्याला ‘श्राइव्ह’ करी आणि पापी स्वतःला ‘श्राइव्ह’ करून घेई, म्हणजे पाप सांगे. सांगणे, ऐकणे, नेमून देणे आणि सोडविणे या चारही क्रिया एका शब्दात नांदत होत्या. ‘फर्गिव्ह’मध्ये यांपैकी शेवटचीच आहे. त्या तरुणीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

शेक्सपिअरच्या रंगभूमीवर

हा शब्द इंग्रजी साहित्यात ज्याने सर्वाधिक कसून वापरला तो शेक्सपिअर. त्याच्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरूचे अस्तित्वच बेकायदा ठरले होते. १५८५ च्या कायद्याने जेज्विट किंवा परदेशी सेमिनरीत शिकलेल्या इंग्रज धर्मगुरूने देशात राहणे हा राजद्रोह झाला. कुमसार ऐकणारा माणूस तळघरात लपला असताना कुमसाराचा शब्द मात्र भर दुपारी रंगमंचावर बोलला जात होता. नाटककाराने त्याला व्हेरोना, व्हिएन्ना, डेन्मार्क अशा परक्या भूमीवर किंवा जुन्या राजांच्या काळात नेऊन ठेवले, एवढेच.

विनोदी नाटकांत तो हलकेफुलके काम करतो. ‘कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये एक पत्नी आपल्या नवऱ्याच्या खोड्यांचा कुमसार आपणच ऐकू असे म्हणते. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये पोर्शिया नको असलेल्या वराविषयी बोलताना ‘श्राइव्ह’ आणि ‘वाइव्ह’ यांचे यमक साधते: त्याने नवरा होण्यापेक्षा आपला कुमसार ऐकणारा झालेले बरे! ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये मात्र शब्दाला दुसरा रंग येतो. ज्युलिएट घरातून बाहेर पडते ती कुमसाराला जाते असे सांगून. प्रत्यक्षात फ्रायर लॉरेन्सच्या खोलीत तिचे लग्न लागते. पुढेही ती तेच कारण सांगून त्याच खोलीत जाते आणि तेथून झोपेचे औषध घेऊन परतते. ज्या शब्दाचा अर्थ सारे उघड करून सांगणे, त्याचाच येथे पडदा होतो. नाटकाची शोकांतिका घडविणाऱ्या अनेक कारणांत हे एक कारण आम्हाला महत्त्वाचे वाटते. त्या खोलीत सगळे काही होते. सत्य सांगितल्याने घरच्यांशी व्हावयाचा समेट तेवढा होत नाही, आणि झाला तेव्हा दोन मृतदेह मध्ये होते.

‘तिसरा रिचर्ड’ या नाटकात या शब्दाची सर्वांत कठोर योजना आहे. लॉर्ड हेस्टिंग्ज एका सकाळी रस्त्यात धर्मगुरूशी चार शब्द बोलत उभा असतो. बकिंगहॅम तेथे येऊन त्याची थट्टा करतो: धर्मगुरूची गरज तुरुंगातील तुमच्या मित्रांना आहे, तुम्हाला कुमसाराची काय घाई? त्यानंतर थोड्याच वेळात रिचर्ड त्याला देहान्ताची शिक्षा फर्मावतो आणि हेस्टिंग्जला रस्त्यात भेटलेला तो धर्मगुरू आठवतो. शिपाई म्हणून उभा असलेला रॅटक्लिफ त्याला कुमसार थोडक्यात आटपण्यास सांगतो, कारण सरदाराची जेवणाची वेळ झाली आहे. ‘शॉर्ट श्रिफ्ट’ या शब्दप्रयोगाचा हा पहिला ज्ञात उपयोग. वधस्तंभापाशी दिलेला घाईचा कुमसार, हा त्याचा मूळ अर्थ. आजचे इंग्रजी वृत्तपत्र तोच प्रयोग कोणाचा तरी अर्ज न वाचताच निकालात काढला असे सांगण्यासाठी वापरते, आणि त्यात एक माणूस, एक कुऱ्हाड आणि एक ताटकळलेले जेवण दडलेले आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

मराठीत याला जोड शोधावयाची तर ‘बोळवण’ या शब्दाकडे जावे लागेल. सासरी निघालेल्या लेकीची बोळवण म्हणजे मानाचा निरोप; चोळी-लुगडे, ओटी, डोळ्यांतले पाणी. आज ‘त्याची बोळवण केली’ म्हणजे काहीतरी हातावर टेकवून त्याला वाटेला लावले. दोन्ही भाषांत शब्द एकाच उतारावरून घसरले. ज्या कृतीला वेळ द्यावयाचा असतो, तिला वेळ न दिल्याची खूण म्हणून ते उरले.

‘हॅम्लेट’मध्ये हाच प्रश्न अधिक खोल जातो. खून झालेल्या राजाच्या पिशाच्चाची तक्रार केवळ राज्य गेल्याची नाही. कोणताही संस्कार न मिळता, पापांचा हिशेब तसाच डोक्यावर असताना आपल्याला मारले, ही त्याची खरी वेदना आहे. मुलगा ती ऐकतो. पुढे काका प्रार्थनेला बसलेला दिसतो तेव्हा मुलगा तलवार म्यान करतो, ती दयेने नव्हे. हा पश्चात्तापाच्या क्षणी मेला तर वाचेल, म्हणून. आणि आपल्या दोन शाळूसोबत्यांना मृत्यूकडे पाठविताना कुमसाराचीही उसंत त्यांना देऊ नये असे तो पत्रात लिहितो. बापावर झालेला अन्याय मुलाने जसाच्या तसा दुसऱ्यांवर केला. सूडाची यापेक्षा भेदक टीका आम्हाला माहीत नाही. आणि ती सारी या एका क्रियापदाच्या अभावावर उभी आहे.

याच्या उलट टोकाला ‘मेझर फॉर मेझर’मधला बार्नर्डाइन आहे. रात्रभर दारू प्यालेला हा कैदी, आपण आज मरण्यास तयार नाही असे सांगून वधस्तंभावर जाण्यास सरळ नकार देतो. फ्रायरच्या वेषातील ड्यूक त्याला तातडीचा ‘श्रिफ्ट’ देण्याच्या बेतात असतो. पण तयार नसलेल्या माणसाला असे मरणाकडे ढकलणे हेच पाप होईल, हे त्याला उमगते. कैदी वाचतो. प्रेक्षक हसतात, परंतु त्या हसण्यात एक मोठे तत्त्व आहे: आत्म्याची तयारी अधिकाऱ्याच्या वेळापत्रकाने होत नाही.

हे वाचताना शीळफाट्याच्या माणसाला ४ एप्रिल २०१३ आठवल्यावाचून राहत नाही. ईस्टरनंतरचा तो गुरुवार. येथील बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. त्यांत मजूर होते, त्यांच्या बायका होत्या, मुले होती. त्यांतील कोण कोणत्या धर्माचे, हा प्रश्न मनातही आणण्याची ती वेळ नव्हती. उसंत मात्र कोणालाच मिळाली नाही. चर्चची शिकवण अशी की, मनापासूनचा पश्चात्ताप क्षणात होऊ शकतो आणि देव त्या क्षणाला पुरतो; म्हणून हॅम्लेटच्या बापाची भीती आपण शेवटचा शब्द मानीत नाही. पण दुसऱ्याची उसंत हिरावून घेणाऱ्याचा हिशेब वेगळा राहतो, हे शेक्सपिअरने बरोबर ओळखले होते.

साधूचा प्रश्न

आता कोलरिजकडे येऊ. १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या या कवितेची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. एक खलाशी काहीही कारण नसताना अल्बट्रॉस पक्षी मारतो. वारा पडतो, पाणी संपते, सोबती मरतात. समुद्रातील सर्पांना पाहून त्याच्या मनात नकळत आशीर्वाद उमटतो आणि गळ्यात अडकविलेला मृत पक्षी गळून पडतो. शेवटी किनारा दिसतो आणि होडीतून येणारा वनवासी साधू. सहाव्या भागाच्या अखेरीस खलाशी आशेने म्हणतो की हा साधू आपल्या आत्म्याला ‘श्रीव्ह’ करील, पक्ष्याचे रक्त धुऊन टाकील. जुन्या धाटणीसाठी कवीने मुद्दाम हे जुने रूप घेतले आहे. सातव्या भागात तो प्रत्यक्ष त्या साधूपुढे तेच क्रियापद आज्ञार्थात लागोपाठ दोनदा उच्चारतो. आमच्या तरुणीची लेखणी थांबली ती येथे.

साधू काय करतो? तो कपाळावर क्रूसाची खूण करतो आणि विचारतो की तू कोणत्या प्रकारचा माणूस आहेस. बस्स. प्रायश्चित्त नेमून दिल्याचे कवी सांगत नाही, पापमोचनाचे शब्दही सांगत नाही. त्या प्रश्नाबरोबर खलाशाचे अंग पिळवटते आणि तो आपली कथा सांगू लागतो. सांगून होताच मोकळा होतो. पण काही काळाने ती कळ पुन्हा येते. मग देशोदेशी फिरून, ज्याचा चेहरा पाहून अंतःकरण सांगेल त्याला धरून, त्याला तीच कथा पुन्हा सांगावी लागते. लग्नघरी निघालेला पाहुणा हा त्यांपैकीच एक.

काही समीक्षक या कथनाला काव्यनिर्मितीचे रूपक मानतात, आणि त्याला आधारही आहे. आमचे म्हणणे एवढेच की, ते रूपक उभे राहते ते या क्रियापदाच्या भंगलेल्या अवस्थेवर. जुन्या ‘श्राइव्ह’मधील चार क्रियांपैकी येथे दोनच उरल्या आहेत: सांगणे आणि ऐकणे. नेमून देणे नाही, म्हणून प्रायश्चित्ताला सीमा नाही. सोडविणे नाही, म्हणून सुटका टिकत नाही. कोलरिज धर्मगुरूचा मुलगा होता. कविता लिहिली तेव्हा तो युनिटेरियन विचारांकडे वळला होता. साधू त्याने जुन्या कॅथलिक जगातून आणला, परंतु साधूच्या हातातला अधिकार मागेच राहिला. लग्नाच्या पाहुण्यापाशी तर अधिकारही नाही आणि नकार देण्याची मुभाही नाही. तो दुसऱ्या दिवशी अधिक खिन्न आणि अधिक शहाणा होऊन उठतो, पण ज्याने सांगितले तो मात्र पुढच्या कानाच्या शोधात निघालेला असतो.

आपल्या मराठी रंगभूमीवर याचे भावंड आहे. १९६७ साली रंगमंचावर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात लीला बेणारेवर खेळ म्हणून खटला भरला जातो आणि खेळता खेळता तिचे आयुष्य चव्हाट्यावर येते. अखेरीस न्यायाधीश झालेले काशीकर तिला बोलण्यास दहा सेकंद देतात. भोवतालचे सगळे गोठून उभे राहतात आणि तिचे दीर्घ स्वगत होते. ते प्रेक्षक ऐकतात, कोर्टातले कोणीही ऐकत नाही. शिक्षा मात्र ठोठावली जाते. कोलरिजच्या कवितेत ऐकणे आहे पण सोडविणे नाही. तेंडुलकरांच्या नाटकात ‘नेमून देणे’ तेवढे आहे, ऐकणेच नाही. दहा सेकंद: मराठीतील ‘शॉर्ट श्रिफ्ट’चे यापेक्षा नेमके चित्र आमच्या वाचनात नाही. तेंडुलकरांच्या मनात कुमसार होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या समाजात सगळे न्याय द्यावयास उत्सुक आणि ऐकावयास कोणीच नाही, त्या समाजात माणसाचे काय होते, हे त्यांनी कोणत्याही प्रवचनकारापेक्षा स्पष्ट दाखविले.

हा शब्द न वापरताही ग्रॅहम ग्रीनने ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ या १९४० च्या कादंबरीत ती कृती केंद्रस्थानी ठेवली. मेक्सिकोतील छळाच्या काळातला दारूच्या आहारी गेलेला एक धर्मगुरू, सीमेपलीकडे सुरक्षित पोहोचूनही, मरणाऱ्या गुन्हेगाराचा कुमसार ऐकावयास परत फिरतो. हा सापळा आहे हे त्याला कळत असते. गुन्हेगार कुमसार करीत नाहीच, आणि धर्मगुरू पकडला जातो. त्याच्या अखेरच्या रात्री त्याचा कुमसार ऐकावयास दुसरा धर्मगुरू भीतीपोटी येत नाही. इतरांना ‘श्राइव्ह’ करणारा स्वतः तसाच राहतो. तरीही वाचकाच्या मनात शंका राहत नाही की हा माणूस वाया गेला नाही.

मराठीत काय म्हणावे?

आठ दिवसांनी ती तरुणी आली. तिने वहीत पाच-सहा पर्याय लिहून आणले होते. आम्ही ते एकेक करून पाहिले.

‘क्षमा करणे’ हा आमचाच पर्याय. तो आम्ही मागे घेतला. क्षमा शेजारी करतो, मित्र करतो, आई तर न मागता करते. त्यात सांगण्याची अट नाही. ‘पापमुक्त करणे’ अचूक आहे, पण समुद्रावरून अर्धमेला होऊन आलेला खलाशी असे पुस्तकी बोलणार नाही. ‘निस्तरणे’ हा अस्सल मराठी शब्द. केलेले निस्तरावे लागते असे आपण म्हणतो. त्यात प्रायश्चित्ताचा भाग नेमका उतरतो, परंतु निस्तरणारा एकटा असतो. ‘फेडणे’चेही तसेच: पाप फेडणारा तोच जो ते करतो. ऐकणारा दुसरा माणूस या दोन्ही शब्दांत नाही.

असे का, याचाही विचार व्हावा. मराठी भक्तिपरंपरेत आपले दोष उघड करून सांगणे मुळीच अनोळखी नाही. तुकोबांनी स्वतःला जितके खडसावले तितके क्वचितच कोणी खडसावले असेल. पण ते बोलणे थेट विठ्ठलाशी. मध्ये कान देणारा तिसरा नाही. म्हणून त्या तिसऱ्यासाठी क्रियापद घडले नाही. ही भाषेची उणीव नव्हे. ती वेगळ्या वाटेने गेली.

ज्यांना त्या तिसऱ्याची गरज पडली त्यांनी शब्द उसना घेतला. शीळफाट्याच्या परिसरातील आमच्या कुटुंबांतच पाहा. वसईहून आलेल्या घरात ‘कुमसार’. गोव्याच्या व मंगळूरच्या कोकणीत तेच. केरळच्या घरात ‘कुंबसारम’. पोर्तुगीज ‘कोन्फेसार’ या एका क्रियापदाची ही नातवंडे एका जिन्यावर राहतात. नगर जिल्ह्यातून आलेली कुटुंबे ‘पापनिवेदन’ म्हणतात. १९७३ साली रोमने या संस्काराचा विधी नव्याने दिला तेव्हापासून ‘समेट’ हा शब्दही आपण आपलासा केला आहे.

या संदर्भात फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण अटळ आहे. इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात १५४९ च्या सुमारास जन्मलेले, म्हणजे शेक्सपिअरहून पंधरा वर्षांनी वडील असलेले हे जेज्विट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरले. ‘श्रिफ्ट’ हा शब्द त्यांच्या मातृभाषेत रोजचा होता. ज्या १६१६ साली शेक्सपिअर वारला, त्याच साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे, मराठीत. आपली भाषा त्यांनी मागे ठेवली आणि आपल्या ओवीत शिरले. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरावयास ते बिचकले नाहीत. त्यांच्यापासून शिकावयाचे ते हे की, शब्द चर्चमधला आहे की चर्चबाहेरचा हे पाहण्याआधी तो ऐकणाऱ्याच्या काळजाला पोहोचतो की नाही हे पाहावे.

त्या कसोटीवर आम्ही दोघांनी मिळून असे ठरविले. शेक्सपिअरच्या नाटकांत, जेथे संस्कार म्हणून तो शब्द येतो, तेथे ‘कुमसार’ निर्धास्तपणे वापरावा. मराठी वाचकाला तो प्रथम अडेल. पण ‘मिस्सा’ आणि ‘नाताळ’ मराठीत रुळले तसा तोही रुळेल. मरणाऱ्याच्या मुखी तुळशीपत्र ठेवण्याची आपल्याकडील रीत तेथे आणून बसविणे सोपे वाटेल, परंतु हॅम्लेटच्या बापाची वेदना त्याने हरवेल, कारण तुळशीपत्राला सांगणे आणि ऐकणे लागत नाही.

कोलरिजच्या खलाशासाठी मात्र तिने सुचविलेला शब्द आम्हाला मनापासून पटला: ‘मोकळे करणे’. आपण मन मोकळे करतो, गाठ मोकळी करतो, दावणीचे जनावर मोकळे करतो. बांधणे आणि सोडणे ही शुभवर्तमानातली जोडी त्यात आहे, आणि कोणापाशी तरी बोलून हलके होणेही आहे. प्रायश्चित्त नेमून देणे तेवढे त्यात नाही. पण तेच तर त्या कवितेतही नाही! शब्दाची उणीव आणि कवितेची जखम येथे एकाच जागी येतात. अनुवादात असे क्वचित घडते.

घड्याळ

येथे लेख संपावयास हरकत नव्हती. परंतु आरंभी एका अपुऱ्या कामाचा उल्लेख केला, त्याचा हिशेब द्यावयास हवा.

काही वर्षांपूर्वीच्या एका झावळ्यांच्या रविवारी, फाट्याजवळच्या एका सभागृहात मिस्साबलिदान आटोपून आम्ही दुसऱ्या ठिकाणच्या उपासनेसाठी निघालो होतो. दाराशी एक वयस्क गृहस्थ उभे होते. अंगावर वॉचमनचा गणवेश. रात्रपाळी संपवून ते सरळ आले असावेत. “फादर, कुमसार?” त्यांनी इतकेच विचारले. आम्ही मनगटावरचे घड्याळ पाहिले. गाडी चालू होती. “पुढच्या रविवारी लवकर या,” आम्ही म्हणालो. ते हात जोडून बाजूला झाले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. त्यांची पाळी बदलली, की ते गावी गेले, की आणखी काही, हे आम्हाला समजले नाही. नाव विचारलेले नव्हते, म्हणून शोधताही आले नाही. योग्य कारणाने कुमसार मागणाऱ्यांचा कुमसार ऐकण्याची तजवीज करणे हे धर्मगुरूचे कर्तव्य आहे, असे चर्चचा कायदा सांगतो, आणि तो आम्हाला तोंडपाठ होता. रॅटक्लिफच्या सरदाराचे जेवण ताटकळले होते; आमची दुसरी उपासना. कारण अधिक पवित्र होते, पण घड्याळ तेच होते. आम्ही त्या माणसाची बोळवण केली.

म्हणून त्या तरुणीने जेव्हा चपला घालत असलेल्या आम्हाला अडवून ‘श्राइव्ह’चा अर्थ विचारला आणि आम्ही एका शब्दात तिला वाटेला लावू पाहिले, तेव्हा ती एका शब्दाच्या अर्थापेक्षा अधिक काही विचारीत होती. तिला ते ठाऊक नव्हते. आम्हाला आठ दिवसांनी कळले.

तिचे रूपांतर आता पुरे झाले आहे. आम्ही ते वाचले; ‘मोकळे करा’ हे शब्द जेथे येतात तेथे थांबलो. शीळफाट्याच्या सभागृहात आता उपासनेपूर्वी पाऊण तास आम्ही मागच्या खुर्चीवर बसतो. बहुधा कोणी येत नाही. रस्त्यावर कंटेनरांची रांग असते, हॉर्न चालू असतात. घड्याळ आम्ही खिशात ठेवतो.